तुरीवरून एक फेरी

उदगीर,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय विशाखा,

काल उशांचे अभ्रे वाळत घालताना बोर्डिंगच्या मागचा नळ आठवला. शनिवारी दुपारी आपण दोघी तिथं पांढरे मोजे धुवायचो. साबण तुझा, ब्रश माझा. सिस्टर वरच्या खिडकीतून बघायच्या. आपण बोलायचो नाही, नुसतं घासायचो. पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. त्यानंतर कुणाबरोबर इतकं निवांत गप्प बसून काम केल्याचं मला आठवत नाही.

पत्र लिहितेय म्हणून नवल वाटेल. फोनवर बोलता येत नाही. हे शेजारच्याच खोलीत असतात, आणि आषाढात अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली असली तरी कान पहिल्यापेक्षा तिखट झालेत. मी कुणाशी काय बोलले, ते संध्याकाळी मलाच ऐकवतात.

आमचं शेत तुला ठाऊक आहे. नाल्यापर्यंत ऑटो जातो, पुढं अर्धा मैल काळ्या मातीतून पायी. चाळीस वर्षं हे रोज सकाळी बांधावरून फिरून यायचे आणि मगच चहा घ्यायचे. आता ते जमत नाही. खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं, तर म्हणाले, "मेल्यावर उचला." मग मी जाते. परत आले की परीक्षा. तुरीला फूल कसं आहे, शेंड्याकडं आहे की खाली, पानं कुठं पिवळी पडलीत. मी सांगते, आणि ते भिंतीकडं बघत म्हणतात, "तुला तूर काय कळती." भाकरी अर्धी टाकतात.

मागच्या आठवड्यात म्हणाले, वेळ अमावस्येपर्यंत, शेतातल्या पूजेच्या त्या दिवसापर्यंत, बघतो, नाहीतर शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, शरणप्पाला देऊन टाकतो. शरणप्पा म्हणजे यांचे धाकटे भाऊ. माणूस वाईट नाही. पण शेत त्यांच्याकडं गेलं की मी पुन्हा स्वयंपाकघरात. मला ते नको आहे. आषाढापासून पहिल्यांदा कुणी मला विचारू लागलंय, "बाई, वरच्या पट्टीत काय करायचं?" विचारणारी बसम्माच असते. तीस वर्षं आमच्या शेतात राबतेय, उत्तर तिला माझ्याआधी माहीत असतं. तरी विचारते.

शिवप्रसादनं पुण्याहून एक लहानसा ड्रोन पाठवलाय. "आई, बाबांना टीव्हीवर शेत दाखव." खोक्यासकट फडताळात आहे. तुझा अश्वजित जमिनीच्या मोजणीला ड्रोन उडवतो आणि तूही त्याच्याबरोबर जातेस, असं तू मागं म्हणाली होतीस. मला शिकव. मला यंत्रांची भीती वाटते आणि आता थकवाही फार येतो. पण अमावस्या तीस डिसेंबरला आहे.

तुझी,
उमा


नांदेड,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय उमा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी गुडघ्यांना शेक देत होते. दोनदा वाचलं. तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले, वाटलं होतं शिकवणं संपलं.

अश्वजितला विचारून लिहितेय. तो उडवतो आणि मी शेजारी उभी राहून वर बघते, एवढंच माझं काम. उडवणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात, म्हणून घार आली, वारा वाढला, कुणी खालून चालू लागलं तर सांगायला दुसरं माणूस लागतं. मी त्याची आकाशाकडं बघणारी बाई आहे. तुलाही एक शोधावी लागेल.

पहिला आठवडा उडवू नकोस. पुस्तिका वाच. बॅटरी चार्जिंगला लावून ऑटोत बसून शेताकडं निघू नकोस. समोर बस, फुगलेली दिसली तर वापरायची नाही. चार पंखे सारखे दिसतात पण सारखे नसतात, खुणा बघून बसव. तडा गेलेला पंखा टाकून दे, वाया जातो म्हणून जपू नकोस. मी तुला ओळखते, तू तुटके पेनसुद्धा जपायचीस.

ड्रोनच्या सरकारी नकाशावर तुमचं शेत हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, भागात आहे का, ते शिवप्रसादला बघायला सांग. आमच्याकडं विमानतळ असल्यामुळं शहरात उडवायची सोय नाही. आम्ही दूर जातो.

मग सकाळी, वारा पडलेला असताना, मोकळ्या जागेत जा. पत्र्याची शेड, ट्रॅक्टर, विजेच्या तारा, यांपासून लांब. सपाट जागेवर ठेव. उपग्रह सापडले असं तो सांगेपर्यंत थांब, म्हणजे घरी परतायची जागा त्याला कळते. घाई केलीस तर तो भलत्याच जागेला घर समजेल. पहिले तीन दिवस डोळ्यांच्या उंचीवर नुसता थोपवून धर. कंटाळा येईल. येऊ दे. चौथ्या दिवशी पुढं ने, मागं आण. त्याचं नाक तुझ्याकडं वळलं की डावं उजवं होतं, तिथं सगळे चुकतात. एकदा हौसेनं उडवायला घेतला तेव्हा मीही चुकले होते आणि तो एका बाभळीत जाऊन बसला होता.

बॅटरी तिसरा हिस्सा उरली की खाली. नजरेबाहेर जाऊ द्यायचा नाही. त्याला काही बांधायचं नाही. आणि माणसांच्या डोक्यावरून कधी नाही, ओळखीच्या माणसांच्या तर नाहीच. ओळखीची माणसं हलत नाहीत, हसत वर बघत उभी राहतात.

हळू शिक. अमावस्या दरवर्षी येते.

विशाखा


उदगीर,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय विशाखा,

तू सांगितलंस तसंच केलं. आठवडाभर पुस्तिका वाचली, चष्मा लावून, बोट ठेवून, आपण बायबलच्या तासाला वाचायचो तशी. नाल्याकाठच्या पडीक तुकड्यावर मी उडवते आणि बसम्मा वर बघते. ती त्याला भिंगरी म्हणते. पहिल्या दिवशी तिनं मागून माझी कोपरं धरली. तीन दिवस नुसता थोपवला. चौथ्या दिवशी नाक वळलं आणि डावं उजवं झालं, आणि तो थेट कडब्याच्या गंजीत घुसला. बसम्मा म्हणाली, "बाई, ह्येला भूक लागली जनू." मी बऱ्याच महिन्यांनी हसले.

आता एक फेरी घालता येते. उंचावरून तूर फार वेगळी दिसते गं. खाली चालताना मला नुसती झाडं दिसायची.

परवा ड्रोनमधलं चित्रणाचं कार्ड टीव्हीला लावलं. यांना उशी देऊन बसवलं. मग एकदम डावा हात वर केला. "थांब. मागं घे. ते काय हाय?" वरच्या कोपऱ्यात एक जागा जरा फिकी होती. मी म्हटलं, सावली असेल. "सावली न्हाई. मर लागून राहिलीय, झाडं उभी वाळतील. बसम्माला सांग, ती झाडं उपटून जाळ. आजच." बसम्माला सांगितलं तर ती म्हणाली, हाव, मला बी तसंच वाटून राहिलं होतं, पर तुमाला कसं सांगावं. त्या दिवशी यांनी अख्खी भाकरी खाल्ली. संध्याकाळी विचारलं, "उद्या कधी जाणार?" "जाणार का" असं नाही, "कधी जाणार" असं. मला एवढ्यावरच झोप लागली.

एक गोष्ट राहिलीय. वेळ अमावस्येला दुपारी पिकात आंबील शिंपतात, त्याला आम्ही चर शिंपणं म्हणतो. तुला आठवत असेल, एकदा तू सुटीत आमच्याकडं आली होतीस तेव्हा. मालकानं स्वतः शेतभर फिरून शिंपायची असते. यंदा शरणप्पा भाऊजी म्हणालेत, मी शिंपतो. गावात सगळ्यांना कळतं, जो चर शिंपतो तो शेत बघतो. हे दोन दिवस पुन्हा भिंतीकडं तोंड करून आहेत. काल मला म्हणाले, "तुझ्या त्या यंत्राला शिंपता येतं का गं?" थट्टेनं म्हणाले असतील. पण सहा महिन्यांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं हे पहिलंच.

मी काही ठरवलंय. झालं की कळवीन.

तुझी,
उमा


उदगीर,
३ जानेवारी २०२५

प्रिय विशाखा,

अमावस्या पार पडली. दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी छान झाली होती, आंबील थोडी आंबट. कडब्याच्या झोपडीवजा कोपीत पूजा मीच केली. पन्नासेक माणसं जेवली. दुपारी वारा सुटला आणि ड्रोन खाली आला. पंखे मोडले. तसले चार पंखे नांदेडला मिळतील का? अश्वजितला त्रास नसेल तर पाठव. कार्ड खराब झालं असं यांना सांगितलंय.

थकले आहे. बाकी सगळं ठीक.

उमा


नांदेड,
९ जानेवारी २०२५

उमा,

पंखे मिळतात. पाठवण्याआधी विचारते.

तुझं पत्र अश्वजितला दाखवलं. तो म्हणाला, वाऱ्यानं पडला तर एखाददुसरा पंखा मोडतो. चारही मोडतात ते काहीतरी पंख्यांत गेल्यावर. त्यानं दुसरंही विचारलं: कार्डाला काय होणार, ते तर आत असतं. आणि "खराब झालं असं सांगितलंय" असं का लिहिलं?

मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू बसम्माबद्दल अक्षरही लिहिलेलं नाहीस. मागच्या पत्रात ती पाच ठिकाणी होती.

कुणाला लागलं?

विशाखा


उदगीर,
१५ जानेवारी २०२५

प्रिय विशाखा,

बसम्माला. उजवा हात. दोन बोटं आणि तळवा.

सगळं लिहिते, नाहीतर पुन्हा लिहवणार नाही. शिवप्रसादच्या लहानपणीचा एक हलका प्लॅस्टिकचा पेला होता. त्याला खाली भोकं पाडली आणि दोरीनं ड्रोनला बांधला. अंगणात उडवून पाहिला, छान उडाला. पण तेव्हा पेला रिकामा होता. ही एवढी साधी गोष्ट, तीस वर्षं वर्गात तू शिकवलीस ती, माझ्या ध्यानात आली नाही. काही बांधायचं नाही, हे तुझं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. मनाला म्हटलं, एकच फेरी. तुरीच्या कडेनं, माणसांपासून लांब.

त्या दिवशी कोपीभोवती पंगत बसली होती. शरणप्पा भाऊजी हातात आंबिलीचं बिंदगं घेऊन निघायच्या तयारीत होते. मी म्हटलं, भाऊजी थांबा, यंदा मालकच शिंपणार आहेत. सगळे उठून उभे राहिले. मी चालू केला. पेला भरलेला होता, वर जाताच झोके खाऊ लागला. आंबील उडाली तशी लोकांनी हौसेनं आरोळी दिली, कानडीत देतात ती. बसम्मानं मला हटकलं, "बाई, खाली घ्या, खाली घ्या." मी ऐकलं. पण तो माझं ऐकेना. पेला त्याच्या पोटाखाली आडवा आला असावा, त्याला जमीन जवळ आलीय असं वाटलं असेल. तिरका होऊन थेट पंगतीकडं आला. नाक माझ्याकडं होतं. मी डावीकडं दाबलं.

बाकीचे पळाले. बसम्मा पळाली नाही. पदराच्या आतून दोन्ही हात वर करून उभी राहिली, पडणारं मूल झेलतात तशी. आणि झेललंच तिनं.

सरकारी दवाखान्यात टाके घातले. डॉक्टरांनी कशानं कापलं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "इळ्यानं. गवत कापताना." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुमचं नाव कशाला, बाई." मी गप्प बसले. भाऊजींनी पंगतीत सगळ्यांना सांगितलं, घरात बोलायचं नाही, अण्णांना सोसणार नाही. म्हणून यांनाही इळाच माहीत आहे. कार्ड माझ्या डब्यात, सुयांच्या खाली.

भाऊजी परवा येऊन गेले. बटईचं संक्रांतीनंतर नक्की करू म्हणाले. यांनी मान हलवली. माझ्यात नाही म्हणायची ताकद राहिली नाही. कदाचित हेच बरं.

उमा


नांदेड,
२० जानेवारी २०२५

उमा,

माझी आई दुसऱ्यांच्या तुरीत निंदायला जायची हे तुला माहीत आहे. बोर्डिंगमध्ये फक्त तुलाच माहीत होतं. एकदा मालकाच्या बैलगाडीचं चाक तिच्या पायावरून गेलं. घरी येऊन म्हणाली, दगडाला ठेचकाळले. खरं आम्हाला ती गेल्यावर कळलं, दुसऱ्या एका बाईकडून. मला चाकाचा राग आला नाही. त्या गाडीवर बसलेल्या माणसानं तिला दगड म्हणू दिलं, त्याचा अजून येतो.

ड्रोन पडणं ही शिकाऊ माणसाची चूक आहे. अश्वजितच्या हातून झालीय, माझ्या हातून झालीय. इळा ही शिकाऊ माणसाची चूक नाही.

पंखे मी पाठवत नाही. आधी कार्ड घरात दाखव.

विशाखा


उदगीर,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय विशाखा,

तुझं पत्र वाचून चार दिवस मी तुझ्यावर रागावले होते. पाचव्या दिवशी बसम्माकडं गेले. ती डाव्या हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करत होती. मी तिला म्हटलं, मी घरी खरं सांगणार आहे आणि तू समोर असावीस. ती नको म्हणाली. मग म्हणाली, येते.

कार्ड टीव्हीला लावलं. विशाखा, मीही ते पहिल्यांदाच पाहत होते. तूर, कोप, माणसांची डोकी, पेल्याची सावली. मग बसम्माचे दोन हात मोठे मोठे होत येतात. मग नुसतं आभाळ, बराच वेळ. यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा मध्येच म्हणाले, "बंद कर."

बसम्मा उंबऱ्यापाशी बसली होती. यांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. तिचा हात मागितला आणि डाव्या हातात धरून बघत राहिले. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत.

"झेलायला कशाला गेलीस?"

"मालक, तुमचं शेत हाय म्हन्ले त्येच्यात. पडू कसं द्यावं?"

दवाखान्यात जाऊन मी खरं लिहवून घेतलं. डॉक्टर वैतागले, पण लिहिलं.

दोन दिवसांनी शरणप्पा भाऊजी बटईचं पक्कं करायला आले. हे म्हणाले, "बटईनं द्यायचंय, हाव. पर तुला न्हाई. बसम्माला." भाऊजी हसले. हे हसत नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "अण्णा, बाईमाणूस. त्यात हात मोडका." हे म्हणाले, "माझा कोणता धड हाय? मर मला टीव्हीवर दिसली. तिला त्याच्या आधी दिसली होती." भाऊजी चहा न घेता गेले. अजून आले नाहीत. हे रोज ऑटोचा आवाज आला की दाराकडं बघतात.

तुला खरं सांगते. बसम्माचं नाव ऐकून मला दुपारभर वाईट वाटलं. आतल्या आत मला वाटलं होतं, ते माझं नाव घेतील. सहा महिने मी त्या मातीतून पाय ओढले होते. पण मला फूल मोजता येत होतं, तूर कळत नव्हती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले तेव्हा बसम्मानं, सवयीनं, विचारलं, "बाई, वरच्या पट्टीत काय करायचं?" मी म्हटलं, तू सांग. तिनं बराच वेळ शेताकडं पाहिलं. मग सांगितलं. मी ऐकलं, आणि घरी येऊन यांना जसंच्या तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबर हाय." इतक्या वर्षांत ते मला असं कधी म्हणाल्याचं आठवत नाही, आणि हेही खरं तर बसम्मालाच म्हटलेलं.

तुरीची रास झाली. यांच्या सांगण्यावरून ह्याच तुरीपासून बटई धरली, अर्धी तिची. रास झाली त्या दिवशी ती पोत्यांजवळ उभी होती, हात लावत नव्हती. मी म्हटलं, ने. तर म्हणाली, उद्या नेते. दुसऱ्या दिवशीही हेच. शेवटी यांनी घरून निरोप पाठवला, तेव्हा नेली.

ड्रोन पुन्हा उडवावा असं यांना वाटतं. मला धीर होत नव्हता. बसम्माच म्हणाली, मी वर बघते, तुमी खाली बघा, आन् आजूबाजूला कुनी नको. पंखे पाठवशील तर मी पहिल्यापासून सुरू करीन, डोळ्यांच्या उंचीवर, तीन दिवस नुसता थोपवून. या वेळी कंटाळा येणार नाही.

इथून नांदेडला येणाऱ्या एसटीनं एक पार्सल पाठवतेय. अश्वजितला स्टँडवर जायला सांग. त्यात काय कुणाचं, ते नीट लिहिते, कारण पोत्यावर नाव लिहिलं तर पुसलं जातं.

पाकिटात कार्ड आहे. ते अश्वजितचं. त्यातलं काही पुसू नये. त्याच्याकडं कुणी नवं शिकायला आलं, तर यंत्र हातात देण्याआधी त्याला ते दाखवावं. बसम्माला विचारलंय. ती म्हणाली, "दावा. पर बाई कोन होती ती सांगा. बसम्मा म्हनावं."

कडाक्याच्या थंडीत तुझ्या गुडघ्यांसाठी मी जी लोकरीची पट्टी विणायला घेतली होती, ती एकच झाली. ती डाव्या गुडघ्याला वापर, उजवी होळीपर्यंत होईल.

तुरीच्या डाळीच्या दोन पिशव्या आहेत, दोन्ही घरीच भरडलेल्या. लहान पिशवी तुझी, ती माझ्याकडून. मोठी पिशवी पुनमची. पुनम बसम्माची नात, नांदेडला नर्सिंग शिकते, हॉस्टेलचा पत्ता पिशवीत आहे. ती संकोची आहे, कुणाचं काही घेत नाही. तिला देताना आमच्याकडून आहे असं चुकूनही म्हणू नकोस. ती डाळ तिच्या आजीच्या वाट्याची आहे.

तुझी,
उमा